शेवटचा हात

शाळेत सगळे त्यांना लेव्हलबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, माघारी लेव्हलबाई. असं का, ते कुणाला सांगावं लागत नसे. कार्यशाळेच्या या बाईंच्या पिशवीत, चष्म्याच्या घराशेजारी, वीतभर लांबीची, बुडबुड्यावरून सपाटी दाखवणारी स्पिरिट लेव्हल कायम असायची. ज्या खोलीत बाई शिरतील तिथला फळा, घड्याळ नाहीतर खिडकीची चौकट पाच मिनिटांत सरळ झालेली असायची. बूड टेकून बसणं हा प्रकार त्यांना मुळी जमतच नसे. एकदा मुख्याध्यापकांच्या खोलीत निकालावर गंभीर बैठक चालली होती आणि बाई टेबलाखाली वाकून डुगडुगत्या पायाखाली कागदाची घडी सारत होत्या. मुख्याध्यापक बिचारे अर्धा तास टेबलाखाली बघत बोलले.

घरी त्यांचा नवरा म्हणायचा, तुझे हात झोपेतसुद्धा पांघरुणाचे कोपरे जुळवतात. तो दवाखान्यात कंपाउंडर होता, स्वभावाने थंड, आणि बाईंचं चाललेलं सगळं बघत गप्प चहा पिणं हे त्याला उत्तम साधलं होतं.

वडील सुतार. त्यांच्या हाताखाली बाई रंधा धरायला शिकल्या, मग रीतसर डिप्लोमा केला आणि सरकारी हायस्कूलच्या कार्यशाळेत लागल्या. कार्यशाळा म्हणजे पत्र्याच्या छपराची लांबच लांब खोली, आठ टेबलं, लाकूड आवळून धरणारे सोळा शिकंजे, भिंतीवर हत्यारांच्या बाह्यरेषा रंगवलेल्या, म्हणजे करवत जागेवर नसली की भिंतच चुगली करायची. दहावीच्या मुलांना इथे वर्षातून एक वस्तू करावी लागे. नियम एकच: वस्तू खऱ्या माणसासाठी हवी, आणि ती त्या माणसाने परीक्षकांसमोर वापरून दाखवायला हवी. कुणी ग्रंथपालांसाठी ढकलगाडी केली, कुणी पहिलीतल्या मुलांसाठी चपलांची मांडणी. बाहेरचे परीक्षक येत, गुण देत, आणि सगळ्या शाळांत मिळून पहिली येणाऱ्या शाळेला ढाल मिळे. बाईंच्या एकोणीस वर्षांत शाळेने चौदा ढाली आणल्या होत्या. मुख्याध्यापकांच्या खोलीत पाहुणा आला की त्याला आधी त्या दाखवल्या जात आणि मगच खुर्ची.

या चौदा ढालींमागे एक गोष्ट होती, जी बाईंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शाळा सुटल्यावर, बाई आतून कडी लावत आणि मुलांच्या वस्तूंवर शेवटचा हात फिरवत. एखादा खण अडकत असेल तर त्याची कड रंध्याने हलकीशी काढायची. दार घासत असेल तर बिजागरी सोडवून पुन्हा बसवायची. सांध्यात फट असेल तर पातळ पाचर ठोकायची, वर भुसा आणि सरस भरायचा, काचकागद मारायचा. कुठे काय केलं ते दुसऱ्या दिवशी मुलांना कळतही नसे. खण सुळकन सरके आणि ज्याने तो केला त्याचं तोंड फुललेलं दिसे. बाई मागे उभ्या राहून ते बघत. तेवढ्या एका क्षणासाठी त्या वर्षभर ओरडत असत. यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आई नाही का पोराला शाळेत पाठवताना शेवटचा भांग पाडत, असं त्या स्वतःला म्हणत.

यंदा मात्र सगळंच बिघडलं होतं. ऐन कामाच्या दिवसांत बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांना सतरा दिवस घरी बसावं लागलं. वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही, जड उचलायचं नाही. तिसऱ्याच दिवशी त्यांनी घरातल्या सगळ्या दारांचे स्क्रू आवळले. सहाव्या दिवशी नवऱ्याने पेचकस दवाखान्यात नेऊन ठेवला. मग बाई खिडकीत बसून समोरच्या घराच्या वाकड्या गॅलरीकडे बघत दिवस काढू लागल्या आणि त्यांचा जीव नुसता खालीवर होत राहिला. तिकडे कार्यशाळा चित्रकलेच्या मास्तरांच्या ताब्यात होती. मास्तर माणूस देवभोळा, मुलांवर कधी आवाज न चढवणारा. त्याच्या हाती करवती आहेत या विचाराने बाईंना जेवण गोड लागेना.

अठराव्या दिवशी त्या शाळेत हजर झाल्या, तेव्हा परीक्षा दुसऱ्या दिवसावर आली होती. मास्तरांनी किल्ल्या दिल्या आणि कुठल्या गटाने काय केलं ते सांगायला लागले. त्यांनी प्रत्येक गटाला एक वही घालून दिली होती, मुलं त्यात रोजचं काम लिहीत होती. "आणि त्या स्टुलाचं एक आहे, बाई," असं ते म्हणताहेत तोच बाई म्हणाल्या, मास्तर, मी बघते सगळं, तुम्ही सुटलात. मास्तर खरोखरच सुटल्यासारखे निघून गेले.

दुपारी साडेचारला बाईंनी कडी लावली. मांडणी, पेट्या, एक उभं वाचनाचं टेबल, सगळं एकेक करून हाताखालून गेलं. शेवटी स्टूल राहिलं. ते शाळेच्या घंटेवाल्या मावशींसाठी होतं. मावशींच्या कमरेचं हाड जुनं मोडलेलं, डावा पाय आखूड, चालताना त्या झोकांडी खात. पण गेली वीस वर्षं घंटा एकदाही चुकली नव्हती. घंटेपाशी बसायला त्यांना फुटकं प्लॅस्टिकचं स्टूल होतं, म्हणून तीन मुलांनी हे नवं केलेलं.

बाईंनी बैठकीवर लेव्हल ठेवली आणि बुडबुडा थेट एका टोकाला जाऊन बसला. त्यांना वाटलं, डोळ्यात अजून थेंब असतील. पुसून पुन्हा बघितलं. मग मोजलं. डावीकडचे दोन्ही पाय उजव्यांपेक्षा अठरा मिलिमीटर लांब.

या गटाची मापं घ्यायचं काम एका मुलीकडे होतं. उंच, काटकुळी, एक माप तीनदा घेतल्याशिवाय पेन्सिल न टेकवणारी. वर्गात तिला फूटपट्टी म्हणत. तिच्या हातून अठरा मिलिमीटरची चूक? आणि दोन्ही पायांत अगदी तेवढीच, केसाइतका फरक नाही. चूकसुद्धा पोरीने किती नेटकी केली आहे, असं मनाशी म्हणून बाई हसल्या. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. गटाची वही शेजारीच पडलेली होती, उघडून बघायला एक मिनिट लागलं असतं. पण हात शिवशिवत होते, सतरा दिवस नुसते मांडीवर पडून राहिले होते. डॉक्टरांचं वाकू नका बाजूला राहिलं. बाईंनी स्टूल आडवं केलं, शिकंज्यात धरलं, काटकोनाचा गुण्या लावून रेघ मारली आणि दोन्ही पाय अठरा मिलिमीटरने कापले. टोकं घासून कापल्याची खूण दिसणार नाही असं पॉलिश फिरवलं. लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध. घरी जाताना त्या इतक्या खुशीत होत्या, की नवऱ्याने न विचारता पेचकस परत दिला.

सकाळी नऊला मुलं आली. परीक्षक दहाला येणार होते. फूटपट्टीने मावशींना बोलावून स्टुलावर बसवलं, सहज, एकदा बघून घ्यावं म्हणून. मावशी बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या. "छान आहे गं," म्हणाल्या, पण त्यांचा हात कमरेवर गेला.

फूटपट्टीने तो हात बघितला. तिने खिशातली टेप काढली, खाली बसली आणि चारही पाय मोजले. मग परत मोजले. तिसऱ्यांदाही मोजले.

बाई चार हातांवर उभ्या होत्या. काय झालं, असं त्यांनी विचारलं. तेव्हा गटातल्या बोलक्या मुलाने सांगितलं ते असं. सरळ बैठकीवर मावशींना दुपारपर्यंत बसवत नाही, कंबर एका बाजूला खचते. म्हणून या तिघांनी आठवडाभर जुन्या स्टुलाच्या डाव्या पायांखाली वह्या ठेवून बघितल्या. आज एक वही, उद्या दोन, रोज संध्याकाळी मावशींना विचारायचं, दुखलं का. पाचव्या दिवशी मावशी म्हणाल्या, आज कंबर आहे हेच विसरले. त्या दिवशीच्या वह्यांची जाडी अठरा मिलिमीटर होती.

सांगायचं तर एकच वाक्य होतं. बाई चष्मा काढून पुसू लागल्या.

"तूच कापलेस ना गं पाय?" गटातली तिसरी, रंगकाम करणारी मुलगी, फूटपट्टीला म्हणाली.

"मीच कापले," फूटपट्टी म्हणाली. "परवा एकदा टोकं घासायला घेतली होती. तेव्हा माझ्याच हातून झालं असणार. मला आठवतच नाहीये."

ती आठवायचा प्रयत्न करत होती, हे सगळ्यात वाईट होतं. डोळे मिटून, भुवया आवळून, न केलेली गोष्ट ती स्वतःच्या डोक्यात शोधत होती, आणि आणखी थोडा वेळ गेला असता तर तिला ती सापडलीही असती. बोलका मुलगा म्हणाला, तू तर सगळं तीनदा मोजतेस. तिने टेप मुठीत गच्च आवळली.

आणि बाईंनी काय केलं? ज्याची त्यांना पुढे आयुष्यभर लाज वाटली ते केलं. त्या म्हणाल्या, असू दे गं, आता सरळ दिसतंय ना, परीक्षकांना सरळच आवडतं. हे स्वतःच्या तोंडून आलेलं ऐकून त्या खोलीभर फिरायला लागल्या. भिंतीवर जागेवरच असलेली पटाशी काढून पुन्हा जागेवर टांगली. सरळ असलेलं टेबल सरळ केलं. बाहेर फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला.

परीक्षक म्हणजे तंत्रनिकेतनातल्या एक मॅडम होत्या, आखूड केसांच्या, तुटक बोलणाऱ्या. त्या एकेक गट बघत पुढे येत होत्या आणि बाईंनी आदल्या दिवशी सुळसुळीत केलेल्या खणांवर मान डोलवत होत्या. स्टुलापाशी आल्या. काय केलंय, विचारलं. फूटपट्टी एक पाऊल पुढे झाली. हातात वही होती.

"मॅडम, हे बरोबर झालेलं नाही. माप माझं चुकलं. या दोघांचे गुण कापू नका."

"तिचं काही चुकलं नाही," बाई म्हणाल्या. "पाय मी कापलेत. काल, शाळा सुटल्यावर. कुणाला न विचारताच मला सगळं कळलं, असं वाटलं."

फूटपट्टीने वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग येईल असं बाईंना वाटलं होतं. तिथे आधी सुटका दिसली, नुसती सुटका, आणि ती बघणं रागापेक्षा जड गेलं.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. हे पहिल्यांदाच का, असं विचारलं. बाईंना नाही म्हणता आलं नाही. आज इथल्या प्रत्येक वस्तूवर माझा हात फिरलेला आहे, त्या म्हणाल्या, आणि आजच नाही, एकोणीस वर्षं. मुख्याध्यापक दारात उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरून चौदा ढाली एकामागून एक उतरत असल्याचं स्पष्ट दिसत होतं.

मॅडमनी ढालीच्या यादीतून शाळेचं नाव तिथल्या तिथे काढलं आणि वर कळवावं लागेल असं सांगितलं. मुलांचे गुण मात्र त्यांनी रोखले नाहीत. दुपारी दोनपर्यंत वेळ देते, प्रत्येक गटाने माझ्यासमोर एक सांधा करून दाखवायचा, त्यावर गुण. स्टुलाच्या गटाने स्टूल दुरुस्त करायचं. "आणि तुम्ही बाहेर थांबा," त्या बाईंना म्हणाल्या.

बाई व्हरांड्यात उभ्या राहिल्या. मुख्याध्यापक येऊन बरंच काही बोलून गेले. त्यात शाळेची अब्रू होती, पालक होते, वरचं ऑफिस होतं. बाई सगळ्याला हो म्हणाल्या, कारण त्यांचे कान आत होते. आत वाद चालला होता. बोलका म्हणत होता, सोपं आहे, उजवे पाय अठराने कापू. फूटपट्टी म्हणाली, मग स्टूल बुटकं होईल, आणि बुटक्यावरून मावशींना उठता येत नाही. बरोबर, बाई बाहेरून मान हलवत पुटपुटल्या. म्हणजे खालून ठोकळे जोडायला हवेत. सागाचे तुकडे उजव्या कपाटात आहेत, तिसऱ्या खणात, हे सांगायला त्या दाराकडे गेल्या आणि उंबऱ्यावरून परत फिरल्या.

मग ड्रिल सुरू झालं. आवाजावरून कळत होतं की भोक तिरकं जातंय. बाईंनी साडीचा पदर बोटाला गुंडाळला, सोडवला, परत गुंडाळला. ड्रिल थांबलं. पुन्हा चालू झालं, पुन्हा तिरकंच. व्हरांड्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी किती फेऱ्या मारल्या याचा हिशेब नाही. पलीकडे पायरीवर मावशी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, बाई, जरा बसा की, मला बघूनच चक्कर येतेय.

बाई त्यांच्याशेजारी बसल्या. मग म्हणाल्या, मी तुम्हाला आजवर कधी विचारलंच नाही, दुखतं का म्हणून. मावशी म्हणाल्या, तुम्ही नाही आणि कुणीच नाही. त्या पोरीने विचारलं तेव्हा आधी मला वाटलं, चेष्टा करतेय.

पावणेदोनला स्टूल झालं. डाव्या पायांखालचे ठोकळे ओबडधोबड होते, सरस बाहेर ओघळला होता, एक ठोकळा चक्क दोन मिलिमीटर बाहेर आला होता. बाईंना दारातून एवढं एका नजरेत दिसलं. मावशी बसल्या. परीक्षक मॅडम मुलांना प्रश्न विचारत होत्या, मुलं वही उघडून उत्तरं देत होती, आणि मावशी बसूनच राहिल्या. दोनची घंटा त्या दिवशी चार मिनिटं उशिरा झाली. वीस वर्षांत पहिल्यांदा मावशी घंटा विसरल्या होत्या.

मॅडमनी स्टुलाला सगळ्यांत जास्त गुण दिले. जोडकामाचे थोडे कापले, आणि ते कापायलाच हवे होते.

शाळा सुटल्यावर बाई कार्यशाळेत एकट्या भुसा झाडत होत्या. फूटपट्टी दारात आली. आत येऊ का, न विचारता तिथेच उभी राहिली. बाईंनी केरसुणी ठेवली आणि म्हणाल्या, सकाळी मी गप्प राहिले ते फार वाईट केलं. मुलीने मान हलवली, पण ती त्यासाठी आली नव्हती.

"बाई, आमची ताई तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे होती. तिने आमच्या घरच्या औषधांसाठी कपाट केलं होतं, दोन दारांचं. त्याला पहिला नंबर मिळाला होता."

बाईंना कपाट लगेच आठवलं. आणि त्याची दारंही.

"ती आता फर्निचरच्या कारखान्यात आहे," मुलगी म्हणाली. "दारांच्या विभागात घेतलं होतं तिला, ते कपाट बघूनच. पण तिची दारं घासतात. आता पॅकिंगला बसवलंय. घरी येऊन रोज कपाटाचं दार उघडते आणि लावते. म्हणते, शाळेत एवढं जमत होतं, आता माझ्या हाताला झालंय तरी काय."

एकोणीस वर्षांतली सगळी मुलं बाईंच्या डोळ्यांसमोर आली, फुललेल्या तोंडांची, सुळकन सरकणारे खण ओढून बघणारी. ती सगळी पुढे कुठे गेली, त्यांचे खण पुढे कुठे अडकले, याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"दारं मी बसवली होती," त्या म्हणाल्या. "तिची घासत होती. थोडीशीच. एक दिवस मिळाला असता तर तिची तिला जमली असती."

"मी सांगू तिला?"

"नको. ती किती वाजता सुटते?"

पाच वाजता सुटत होती. कारखाना वीस मिनिटांवर होता. बाईंनी पिशवी घेतली, कुलूप लावलं आणि दोघी निघाल्या. पोरगी भरभर चालत होती, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना चला चला म्हणणाऱ्या बाई मागे पडत होत्या.

फाटकातून बायकांचा घोळका बाहेर पडला. त्यातली एक थबकली. बाईंना बघून तिचा दमलेला चेहरा असा काही उजळला, की बाईंचं पाऊल पुढे पडेना. तिने शेजारच्या मैत्रिणीला हाताला धरून ओढतच आणलं.

"ह्या माझ्या शाळेच्या बाई," ती मैत्रिणीला म्हणाली. "मी सांगते ना नेहमी, त्याच. दार बसवायला मला ह्यांनीच शिकवलं."

मैत्रीण हसली, नमस्कार करून बसथांब्याकडे गेली. धाकटी बहीण दोन पावलं मागे सरकून उभी राहिली. बाईंनी ताईचा हात हातात घेतला.

"पाच मिनिटं बसू या कुठेतरी," त्या म्हणाल्या. "तुझ्या कपाटाबद्दल बोलायचंय."